नाना फडणवीस : गुणदोषांच्या मोजमापाचा प्रश्न

पेशवाईतील साडेतीन शहाण्यांची गणना मराठी वाचकाला नवी नाही. पेशव्यांचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाकडील विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे, आणि नाना फडणवीस अर्धे. नानांच्या वाट्याला हे अर्धेपण का आले याचा खुलासाही परंपरेनेच करून ठेवला आहे. इतर तिघांना मसलतीबरोबर तलवारही चालवता येत होती; नानांपाशी केवळ मसलत होती. ज्या पुरुषाने आयुष्यभर दौलतीचा जमाखर्च तपासला, त्याचाच जमाखर्च लोकांनी असा अपूर्णांकात मांडून ठेवावा, यात एक प्रकारचा काव्यगत न्याय आहे.

पण हा हिशेब बरोबर आहे काय? आपल्या चरित्रवाङ्मयाने नानांकडे बहुधा दोनच भूमिकांतून पाहिले आहे : एक वकिलाची, दुसरी फिर्यादीची. वासुदेवशास्त्री खऱ्यांच्या पिढीला नाना हे बुडत्या राज्याचे शेवटचे आधारस्तंभ वाटले. रियासतकार सरदेसाईंचे पारडे नाना आणि महादजी यांच्या तुलनेत महादजींकडे झुकले. रंगभूमीने तर नानांना पुढे वेगळ्याच वेषात उभे केले. या सर्व न्यायनिवाड्यांत भित्रेपणा, विषयासक्ती आणि सत्तालोभ हे तीन आरोप पुन्हा पुन्हा येतात. प्रस्तुत लेखकाला असे वाटते की, यांपैकी पहिल्या दोन दोषांची कबुली खुद्द नानांनीच तरुणपणी दिलेली असल्यामुळे ते सहज हाती लागतात आणि म्हणूनच त्यांना अवास्तव महत्त्व येते. ज्या दोषाची किंमत राज्याला मोजावी लागली तो निराळा आहे. तो नानांच्या कर्तबगारीत इतका मिसळून गेलेला आहे की, चरित्राच्या क्रमानेच त्याचा माग काढावा लागतो.

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. भानूंचे घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. आजोबा बाळाजी महादजी हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर दिल्लीस गेले होते. तेथे १७१९ मध्ये उसळलेल्या दंग्यात ते मारले गेले आणि त्यांच्या या मरणाची कृतज्ञता म्हणून फडणिशी घराण्यात चालू राहिली. म्हणजे नानांच्या घरातील लेखणी एका रक्तपाताच्या मोबदल्यात आलेली होती. वडील जनार्दन बल्लाळ १७५६ च्या सुमारास वारले तेव्हा नाना चौदा-पंधरा वर्षांचे होते. नानासाहेब पेशव्यांनी त्यांना आपल्या मुलांच्या बरोबरीने वागवले. विश्वासराव, माधवराव यांच्या सहवासात हा मुलगा वाढला. पण त्या राजपुत्रांची घोड्यावरची मांड आणि भाल्याचा हात त्याच्या अंगी कधी आला नाही.

या बालपणाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते बव्हंशी नानांनीच लिहून ठेवलेल्या एका त्रोटक आत्मवृत्तावरून. मराठी गद्यातील आरंभीच्या आत्मकथनांत या लेखाची गणना होते. विसाव्या वर्षाच्या आगेमागे संपणारा हा तुकडा वाचताना प्रथम जाणवते ते हे की, तो एखाद्या कारभाऱ्याने लिहिलेला मुळीच वाटत नाही. आरंभ ईश्वर, सृष्टी आणि जीव यांच्या चिंतनाने होतो. मग लहानपणाची देवपूजेची आवड, मुंज, लग्न, वडिलांचा मृत्यू. त्यानंतर वयात येताना चित्त विषयांकडे कसे ओढले जाऊ लागले, विवेक कसा सुटत गेला आणि पश्चात्तापाने मन पुन्हा देवाकडे कसे वळू पाहत होते, याचे आडपडदा न ठेवता केलेले निवेदन आहे. अठराव्या शतकातील एका दरबारी माणसाने स्वतःच्या वासनेचे असे वर्णन करावे ही गोष्ट सामान्य नाही. संतांच्या आत्मनिवेदनाची परंपरा त्यामागे उभी आहे हे खरे. पण संतांची कबुली देवापुढे असते, त्यामुळे तिच्यातून सुटकेचा मार्गही निघतो. नानांच्या कबुलीला तसा शेवट नाही.

वर्गात हा तुकडा शिकवताना प्रस्तुत लेखकाला दरवर्षी एकच अनुभव येतो. विद्यार्थ्यांना नाना माहीत असतात ते नाटकातून. हे लेखन त्याच नानांचे आहे हे सांगितले की ते क्षणभर गप्प होतात, आणि मग कोणीतरी विचारतो की, ज्याने स्वतःला इतके ओळखले होते तो पुढे असा का वागला. या प्रश्नाचे सरळ उत्तर देणे अवघड आहे.

आत्मवृत्ताचा गाभा पानिपत हा आहे. तीर्थयात्रेच्या हेतूने आई आणि पत्नी यशोदाबाई यांना बरोबर घेऊन नाना सदाशिवरावभाऊंच्या लष्करासोबत उत्तरेस गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी लढाई झाली तेव्हा त्यांना एकोणीस वर्षे पूर्ण व्हायला महिना राहिला होता. विश्वासराव पडले, भाऊ गर्दीत दिसेनासे झाले आणि नाना पळाले. वाटेत लुटारूंनी अंगावरचे कपडेही ठेवले नाहीत. सोबतीची माणसे डोळ्यांदेखत गेली. अन्न नाही, चालण्याची सवय नाही, आणि पकडले गेलो तर ब्राह्मण म्हणूनही वाचू याची खात्री नाही, अशा स्थितीत हा तरुण दिवसा लपत आणि रात्री चालत दक्षिणेकडे आला. पत्नी सुखरूप परत भेटली. आई भेटली नाही. तिचा अंत वाटेतच झाला होता.

हे सारे त्यांनी स्वतः लिहिले आहे. पळालो हे लिहिताना त्याला त्यांनी दुसरे नाव दिलेले नाही. नानांना भित्रा म्हणणाऱ्या टीकाकारांपुढे एवढी एक गोष्ट ठेवली पाहिजे की, पानिपताहून परतलेल्या किती सरदारांनी इतक्या सरळपणे आपले पलायन नोंदवले? शिवाय त्या लेखात भाऊंच्या सल्लागारांविषयीचे मतही आहे : भल्यांचा सल्ला बाजूला पडला आणि उतावळ्यांचे ऐकले गेले, असे नानांना वाटत होते. रणांगणावर शौर्य कमी पडले नव्हते, शहाणपण कमी पडले होते, हा धडा एकोणिसाव्या वर्षी ज्याच्या मनावर कोरला गेला, त्याने पुढे तलवारीवर फारसा भरवसा ठेवला नाही यात नवल वाटू नये. यशवंत आणि पराक्रमी माणसे एका दुपारी नाहीशी होतात, उरते ती बातमी, कागद आणि गणित, ही समजूत त्यांनी पानिपताहून घरी आणली. ती चुकीची होती असे म्हणता येत नाही. मात्र ती अपुरी होती.

थोरल्या माधवरावांच्या अकरा वर्षांत नाना फडावर होते. चुलतभाऊ मोरोबा यांच्याबरोबर फडणिशी वाटून घेऊन त्यांनी हिशेब आणि दप्तर यांना शिस्त लावली. या काळाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मालक समर्थ होता आणि नोकराची बुद्धी मालकाच्या छायेत वाढत होती. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव वारले आणि ही छाया गेली.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. चुलते रघुनाथराव गादीवर आले. रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना दोषी ठरवून पुणे सोडले ही कथा आपल्या वाङ्मयात अनेकवार सांगितली गेली आहे आणि ती सांगण्यासारखीच आहे. नानांनी तसे काही केले नाही. ते काही काळ रघुनाथरावांच्या स्वारीत राहिले, मग निमित्त काढून एकेक करून मागे फिरणाऱ्या कारभाऱ्यांत सामील झाले आणि सखारामबापूंसह बारभाईंचे कारस्थान उभे केले. रामशास्त्र्यांचे वागणे निर्मळ होते, नानांचे मुरब्बी होते. परंतु खुन्याची सत्ता प्रत्यक्षात उलटली ती या मुरब्बीपणाने. नारायणरावांची गरोदर पत्नी गंगाबाई हिला पुरंदरावर नेण्यात आले. १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे मुलगा झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बालकाला, सवाई माधवरावांना, पेशवाईची वस्त्रे मिळाली. मुलगा झाला नसता तर काय केले असते, याचाही विचार कारभाऱ्यांनी करून ठेवला असणार. मुत्सद्द्यांची ती रीतच आहे.

रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि पुढची सात वर्षे नानांनी मुंबई, कलकत्ता, हैदराबाद, नागपूर, श्रीरंगपट्टण अशा पाच तोंडांनी बोलणी चालवली. १७७६ चा पुरंदरचा तह, जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी पत्करलेली शरणागती, १७८० ची निजाम, हैदर आणि भोसले यांच्यासह उभारलेली चौकडी, १७८१ मध्ये बोरघाटातून गॉडर्डची माघार आणि १७ मे १७८२ चा सालबाईचा तह, हे टप्पे शालेय इतिहासातही येतात. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांतील दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. एक म्हणजे वडगावच्या मोहिमेत शत्रूच्या वाटेवरचे तळेगाव जाळून टाकण्यात आले आणि प्रसंग पडल्यास पुण्यालाही तीच गती देण्याची तयारी होती. लढाईला घाबरणाऱ्या माणसाचे हे धैर्य निराळ्या जातीचे आहे. घर वाचवण्यासाठी घर जाळावे लागेल असा हिशेब शांतपणे मांडणे भल्याभल्या वीरांना जमत नाही. दुसरी गोष्ट सालबाईची. महादजींनी केलेल्या त्या तहाला मान्यता देण्याचे नाना महिनोनमहिने लांबवत राहिले. हैदराशी असलेली मैत्री ताबडतोब सोडावयाची नाही आणि इंग्रजांना तोडावयाचेही नाही, अशी ती कसरत होती. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर मरण पावला आणि मगच पुण्याहून संमती गेली. वेळ हेच नानांचे सैन्य होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु याच वर्षांत दुसरे काहीतरी घडत होते. १७७८ मध्ये मोरोबांनी उठाव केला. नाना पुरंदरावर निघून गेले, तेथून सूत्रे हलवली आणि त्याच वर्षी मोरोबा कैदेत गेले. वडगावनंतर सखारामबापूंवर पाळी आली. रघुनाथरावांना परत आणण्याच्या कटात त्यांचे अंग असल्याचे ठरले. ज्यांच्याबरोबर बारभाईंची मसलत रचली, ज्यांना लोक पूर्ण शहाणे म्हणत, ते वृद्ध बापू एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर हलवले जात १७८१ मध्ये रायगडावर कैदेतच वारले. बापू निर्दोष होते असे कोणी म्हणणार नाही. दोन्ही डगरींवर हात ठेवण्याची त्यांची सवय जुनी होती. पण बारा भाईंपैकी पाहता पाहता एकच उरला. पुढे शिंदे, होळकर यांसारखे लष्करी सरदार सोडले तर पुण्याच्या फडावर नानांच्या बरोबरीने बसेल असा माणूस दिसत नाही. हरिपंत फडके होते, ते नानांचे विश्वासू म्हणूनच.

नानांच्या कारभाराचा कणा बातमी हा होता. दिल्लीचे हिंगणे, हैदराबादेतील गोविंदराव काळे, कलकत्त्यातील लाला सेवकराम असे वकील आणि अखबारनवीस त्यांना सतत लिहीत असत. कोणत्या दरबारात कोण रुसला, कोणाच्या पागेला पगार चढला, इंग्रजांच्या कौन्सिलात कोणाचे कोणाशी पटत नाही, हे नानांना पुण्यात बसून कळे. मेणवलीच्या त्यांच्या दप्तराने पुढे पारसनीसांसारख्या संशोधकांना आयुष्याचे काम पुरवले. कृष्णेकाठच्या त्या वाड्यात आणि घाटावर हिंडताना मनात येते की, एवढा कागद ज्याने जपला त्याला माणसे का जपता आली नाहीत? जेम्स वेल्स या चित्रकाराने १७९२ मध्ये रंगवलेल्या चित्रात तरुण पेशव्यांजवळ बसलेले नाना पाहावेत. कृश अंग, लांबट चेहरा. असा माणूस मोठ्याने हसत असेल असे वाटत नाही.

येथे घाशीराम कोतवालाचे प्रकरण टाळता येणार नाही. घाशीराम सावळदास हा १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता. ३१ ऑगस्ट १७९१ च्या सुमारास त्याने तेलंगी ब्राह्मणांना एका कोंदट जागेत कोंडले आणि त्यांतील वीसहून अधिक गुदमरून मेले. शहर खवळले. नानांनी प्रथम चौकशीच्या वाटेने वेळ काढू पाहिला. अखेर जमावापुढे कोतवालाला देणे भाग पडले आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. या घटनेवर १८६३ मध्ये मोरोबा कान्होबा विजयकरांनी पुस्तक लिहिले आणि डिसेंबर १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे नाटक पुण्यात रंगभूमीवर आले. नाटकातील नाना विलासी आहेत. घाशीरामाच्या मुलीच्या मोबदल्यात ते त्याला कोतवाली देतात. आपण ऐतिहासिक नाटक लिहिलेले नाही, असे नाटककाराने स्पष्ट केले असूनही मोठा गदारोळ झाला. त्या वादात नानांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी त्यांच्या देवभक्तीचे, बेलबागेचे, भीमाशंकराच्या देवळाचे दाखले दिले. विरोधकांनी नऊ लग्नांवर बोट ठेवले. दोन्ही पक्ष एकाच जागी चुकले असे आता वाटते. नऊ लग्ने खरी आहेत आणि त्यांना केवळ पुत्रप्राप्तीची इच्छा एवढेच कारण पुरत नाही. विषयासक्तीची कबुली तर मूळ लेखातच आहे. पण राज्यकर्त्याचे शयनगृह हे त्याच्या राज्यकारभाराचे मोजमाप नव्हे. ऐतिहासिक घाशीराम प्रकरणातील नानांचा दोष चौदा वर्षांच्या दुर्लक्षात आहे. दूरच्या कलकत्त्याची बातमी ज्याच्याकडे वेळेवर पोहोचत होती, त्याला आपल्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर कोतवाल काय करतो हे ठाऊक नसावे हे संभवत नाही. ठाऊक होते आणि चालू दिले, असाच अर्थ निघतो. कोतवाल बातमी पुरवत होता. बातमी पुरवणाऱ्याला नाना सहसा हात लावीत नसत. तेंडुलकरांच्या नाटकाने तपशिलाला सोडचिठ्ठी दिली, तरी माणूस वापरून टाकून देण्याची जी वृत्ती दाखवली, ती मात्र तपशिलापेक्षा खरी आहे.

जून १७९२ मध्ये महादजी शिंदे पुण्यास आले. बादशहाकडून आणलेली वकील-इ-मुतलकीची वस्त्रे त्यांनी पेशव्यांना समारंभपूर्वक दिली. अठरा वर्षांच्या पेशव्याला हा मोकळ्या स्वभावाचा, शिकारीला नेणारा, उत्तरेच्या गोष्टी सांगणारा सरदार आवडू लागला. नानांना ते सहन झाले नाही. महादजींचे हेतू शुद्ध होते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. पुण्यातील सूत्रे त्यांना हवी होती. तरीही नानांची चिंता मुख्यतः ही दिसते की, मुलाचे मन आपल्या हातून जाते आहे. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे महादजी वारले. त्याच वर्षी हरिपंतही गेले. नाना आता खरोखर एकटे होते आणि सामर्थ्याच्या शिखरावर होते. ११ मार्च १७९५ रोजी खर्डा येथे निजामाचा पराभव झाला. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सारे मराठे सरदार एका निशाणाखाली आलेले त्यानंतर कोणी पाहिले नाही.

सात महिन्यांनी पेशवा गच्चीवरून पडला.

सवाई माधवरावांची हकीकत नानांच्या चरित्रातील सर्वांत अवघड जागा आहे. जन्मापासून ते नानांच्या देखरेखीत वाढले. शिक्षण उत्तम, प्रकृतीची काळजी उत्तम, भोवतीची माणसे पारखून निवडलेली. आईचे निधन बालपणीच झाले होते. नारायणरावांचा खून ज्याने पाहिला त्या कारभाऱ्याने त्यांच्या मुलाला जपावे हे स्वाभाविकच होते. पण जपणूक आणि पहारा यांतील सीमारेषा कधी पुसली गेली हे नानांना कळले नाही. एकविसाव्या वर्षीही पेशव्याला स्वतःच्या मर्जीने कोणाला भेटता येत नव्हते. रघुनाथरावांचा मुलगा बाजीराव तेव्हा जुन्नरला कैदेत होता. या चुलतभावाविषयी पेशव्याला कुतूहल आणि जिव्हाळा वाटू लागला, बळवंतराव नागनाथ वामोरीकर यांच्यामार्फत चोरून पत्रे गेली-आली. नानांना बातमी लागली, त्यांना नेहमीच लागत असे. वामोरीकर कैदेत पडले, बाजीरावावरचा पहारा कडक झाला आणि पेशव्याला बोल लावण्यात आले. ऑक्टोबर १७९५ मध्ये दसऱ्याच्या सोहळ्यात तो वावरला. २५ ऑक्टोबरला शनिवारवाड्याच्या गच्चीवरून कारंज्यावर पडला आणि दोन दिवसांनी मरण पावला.

तापाच्या भ्रमात तोल गेला की जाणूनबुजून उडी घेतली, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. खाडिलकरांनी या विषयावर शोकान्तिका रचली, तेव्हा घाताचे विष कालवायला त्यांना केशवशास्त्री हा खलपुरुष निर्माण करावा लागला. नाटकाला खलपुरुष हवा असतो हे समजण्यासारखे आहे; शिवाय नानांना खलपुरुष करण्याची खाडिलकरांची इच्छा नव्हती. वस्तुस्थितीला खलपुरुषाची गरज नाही. एका माणसाने दुसऱ्यावर मनापासून माया केली, त्याच्यासाठी राज्य राखले, आणि विश्वास तेवढा दिला नाही. आजार काय किंवा आत्मघात काय, त्या मुलापाशी मन मोकळे करायला जवळ कोणी नव्हते एवढे निश्चित आणि ते तसे नसावे ही व्यवस्था नानांचीच होती.

पुढच्या चौदा महिन्यांत नानांनी जे केले ते बुद्धिचातुर्याच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील सर्वांत चमकदार कारस्थान होय. राजकीय शीलाची परीक्षाही तेथेच होते. बाजीराव गादीवर येऊ नये म्हणून त्यांनी दत्तकाची कल्पना काढली. डाव उलटत आहेसे पाहून बाजीरावाशीच समेट केला. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी याला दत्तक देऊन पेशवा केले, तेव्हा नाना वाईकडे आणि तेथून महाडास गेले. रायगडाच्या आश्रयाने बसून त्यांनी दौलतराव शिंदे, होळकर, कोल्हापूरकर, भोसले, इंग्रज आणि निजाम या सर्वांकडे माणसे धाडली आणि सहा महिन्यांत अवघा पट फिरवला. डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवा झाले, नाना परत कारभारी झाले आणि परशुरामभाऊ कैदेत गेले.

या पुनरागमनाची किंमत मात्र लक्षात घेतली पाहिजे. ऑक्टोबर १७९६ मध्ये निजामाशी महाडला जो करार झाला, त्यात खर्ड्याला मिळवलेला मुलूख आणि खंडणीची बाकी सोडून देण्याचे ठरले. दीड वर्षापूर्वी सगळ्या मराठ्यांनी मिळून जे कमावले ते एका कारभाऱ्याच्या गादीपायी परत गेले. आपल्यावाचून राज्य टिकणार नाही अशी नानांची खात्री होती, आणि दुर्दैव असे की ती खात्री बऱ्याच अंशी खरी होती. ती खरी झाली याचे कारण त्यांनीच गेली वीस वर्षे दुसऱ्या कोणाला उभे राहू दिले नव्हते. मोरोबा, सखारामबापू, वामोरीकर, परशुरामभाऊ ही यादी पाहिली म्हणजे सत्तालोभ हा शब्द उथळ वाटू लागतो. लोभी माणसाला काही उपभोगायचे असते. नानांना कोणाच्याही हातात काही सोपवण्याची भीती वाटत होती. पानिपतावर ज्यांच्यावर विसंबलो ते सारे एका दिवसात गेले, ही गोष्ट त्यांच्या मनातून कधी गेली नसावी. हा तर्क आहे हे मान्य करूनही, त्यावाचून नानांच्या उत्तर आयुष्याची संगती लागत नाही असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मग ज्याच्यासाठी एवढे केले त्या बाजीरावानेही तेच केले. ३१ डिसेंबर १७९७ रोजी, फिलोज या शिंद्यांच्या युरोपियन अधिकाऱ्याने सुरक्षिततेचा शब्द दिलेला असताना, नानांना भेटीच्या निमित्ताने बोलावून कैद करण्यात आले. त्यांच्या आणि त्यांच्या पक्षाच्या लोकांच्या घरांची लूट झाली, पुण्यात सर्जेराव घाटग्यांचा अंमल सुरू झाला. नाना अहमदनगरच्या किल्ल्यात होते. हाच किल्ला एकेकाळी मोरोबांसाठी त्यांनी निवडला होता. सहा-सात महिन्यांनी दहा लाख रुपये भरून सुटका झाली. बाजीरावांनी विनवण्या करून त्यांना पुन्हा कारभार दिला, आणि लगेच त्यांच्याविरुद्ध बोलणी सुरू केली. आता पैसा आटला होता, सैन्य हाती नव्हते, शरीर थकले होते. तरीही इंग्रजांच्या तैनाती फौजेचा करार पुण्याने पत्करू नये, एवढा एक मुद्दा नानांनी अखेरपर्यंत धरून ठेवला.

१३ मार्च १८०० रोजी पुण्यात ते वारले. पुत्र नव्हता. सर्वांत धाकटी पत्नी जिऊबाई अजून बालवयात होती. इंग्रजांचा रेसिडेंट पामर याने वरिष्ठांना कळवले की, पुण्याच्या राज्यातील सुज्ञता आणि संयम या माणसाबरोबर गेला. शत्रुपक्षाचा हा अभिप्राय पुढे नानांच्या प्रत्येक चरित्रकाराने आदराने उद्धृत केला आहे. त्यात एका दौलतीचे सर्व शहाणपण एका देहात साठवल्याची नोंदही आहे, हे चरित्रकारांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी, नानांच्या मृत्यूला तीन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, बाजीरावांनी वसईला तैनाती फौजेच्या करारावर सही केली.

साडेतीनाच्या हिशेबाकडे पुन्हा वळले तर असे दिसते की, लोकांनी नानांच्या खात्यात वजा धरलेली बाब तलवारीची आहे. दोन पूर्ण शहाण्यांचे काय झाले हेही पाहावे. विठ्ठल सुंदर १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत तलवारीनिशी पडले. सखारामबापूंना अर्ध्या शहाण्याने कैदेत घातले. तेव्हा अर्धेपण खरे असेल तर त्याचा उरलेला भाग दुसरीकडे शोधला पाहिजे.

आत्मवृत्ताचा तुकडा पानिपताहून परतल्यानंतर लवकरच थांबतो. त्यानंतर नाना जवळजवळ चाळीस वर्षे जगले. या काळात त्यांच्या फडावरून हजारो पत्रे गेली, हजारो आली. कोणाचा हेतू काय, कोण कोठे फिरला, कोणाच्या बोलण्यात किती खोट, हे त्यांत बारकाईने नोंदलेले आहे. स्वतःविषयीचा तसा लेख त्यांनी पुन्हा लिहिलेला आढळत नाही.